थरार नाही, याची लेखी हमी

मोशीत नवी गाडी आली की पेढे वाटतात आणि गाडीला नवे टायर आले की फ्लेक्स लावतात. हा नियम कुणी केलेला नाही, पण मोडायची छातीही कुणाची झालेली नाही. म्हणून इंद्रायणी कारप्रेमी मित्रमंडळाने दृष्टिहीन मुलांसाठी गाड्यांची रॅली काढायचं ठरवलं, तेव्हा पहिली बैठक मार्गाबद्दल झाली नाही, मुलांबद्दलही झाली नाही. ती झाली फ्लेक्सबद्दल, आणि साडेतीन तास चालली.

हर्षाली त्या बैठकीत चहाचा ट्रे घेऊन गेली आणि सचिव होऊन बाहेर आली. वय पंधरा, इयत्ता नववी. मंडळाचे अध्यक्ष दादासाहेब हे तिचे सख्खे काका, हे एक कारण. दुसरं कारण असं, की मंडळात सगळ्यांना गाडी चालवता येत होती, पण अर्ज लिहिता येत नव्हता. आणि तिसरं, म्हणजे खरं कारण, स्नेहसंमेलनात तिचं भाषण चालू असताना माइक बंद पडला होता आणि ती तशीच, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशी, पुढची सात मिनिटं बोलत राहिली होती. तेव्हापासून तिचं ठाम मत झालं होतं की माइक ही भित्र्या लोकांची सोय आहे.

रॅलीची कल्पनाही तिचीच. शाळेच्या उपक्रमात ती दर शनिवारी महाळुंग्याजवळच्या निवासी अंधशाळेत गोष्टी वाचून दाखवायला जायची. तिथे चौथीतली मोनिका होती. मोनिकाचे वडील चाकणच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे आणि ती सुट्टीत घरी असली की तिला ओट्यावर बसवून रस्त्यावरच्या गाड्या ऐकवायचे. त्यामुळे मोनिका आवाजावरून गाडी ओळखायची. नुसतं पेट्रोल की डिझेल एवढंच नाही, तर कोणाची सर्व्हिसिंग राहिली आहे हेसुद्धा.

एका शनिवारी काका हर्षालीला घ्यायला आले. त्यांची ती उंच, काळी गाडी फाटकातून शिरली तीच डरकाळी फोडत. पत्रे थरथरले. सगळी शाळा व्हरांड्यात आली. काका गॉगल सावरत उतरले आणि मोनिकाने हर्षालीच्या कानाशी तोंड नेलं.

"ताई, हा आवाज सायलेन्सरचा नाहीये. स्पीकरचा आहे. गाडीचा खरा आवाज खाली आहे, बारीक."

हर्षालीने वाकून पाहिलं. मागच्या बंपरखाली खरंच एक काळा डबा होता. तिला इतकं हसू आलं की तिने दप्तर तोंडावर धरलं. पण मोशीतली निम्मी पोरं ज्या आवाजाला सलाम करत होती तो आवाज डब्यातला आहे, हे बोलायचं कुणी? "मोठ्या माणसांचं असं सांगायचं नसतं," ती कुजबुजली. "पण तुला गाडीत काय आवडतं गं?"

"पुढची सीट. व्हॅनमध्ये आम्ही नेहमी मागं असतो. पुढं बसलं ना, की इंजिन आधी आपल्याशी बोलतं, मग मागच्यांशी."

हर्षालीने तिथल्या तिथे वचन देऊन टाकलं. ती हल्ली वचनं अशीच द्यायची, माइकशिवाय.

तर रॅली ठरली. रविवारी सकाळी शाळेतली बावीस मुलं, बावीस गाड्या, प्रत्येक मूल पुढच्या सीटवर. महाळुंग्याहून निघून चाकणवरून मोशीपर्यंत यायचं, वाटेत लोक स्वखुशीने शाळेच्या ग्रंथालयासाठी मदत देतील, इंद्रायणीकाठी मिसळ खायची आणि परत. साधं होतं. फ्लेक्सवर मात्र असं आलं:

भव्य! दिव्य! थरार! ३०१ गाड्यांचं वादळ! वेगाच्या बादशहांची महारॅली! लाखोंच्या साक्षीने!

मध्ये भावी नगरसेवक दादासाहेब, एक हात छातीवर, एक हात भविष्याकडे. खाली एक्केचाळीस शुभेच्छुकांचे चेहरे. आणि अगदी खाली, एका शुभेच्छुकाच्या कॉलरशेजारी, मुंगीएवढ्या अक्षरात, दृष्टिहीन मुलांसाठी.

"काका, तीनशे एक कुठनं आल्या?" हर्षालीने विचारलं.

"आगं, बावीस लिहिलं तर लोक म्हनतील लग्नाचं वऱ्हाड हाय," काका म्हणाले.

पोलिस चौकीत अर्ज गेला. तिथल्या साहेबांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "परवानगी देऊ. पण पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी जोडा. शुक्रवारी पाचपर्यंत."

"आमच्या परत्येक गाडीचा इन्शुरन्स हाय की, साहेब," दादासाहेब म्हणाले.

"तो गाडीचा. हा कार्यक्रमाचा. तुमच्या रॅलीत रस्त्यावरच्या कुणाला लागलं, कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई कोण देणार? शुभेच्छुक?"

शाळेच्या मुख्याध्यापिका पुनम मॅडमनीही तेच सांगितलं. पॉलिसी नाही, तर मुलं नाहीत.

दादासाहेबांना काळजी नव्हती. मंडळाकडे ज्योतीराम होता. ज्योतीराम हा विमा एजंट, आणि त्याच्या तोंडात एकच वाक्य असायचं, "काम झालं समजा, भाऊ." दुसऱ्याच दिवशी तो पॉलिसी घेऊन आला. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. हर्षालीने ती वाचायला घेतली, म्हणजे मंडळाच्या इतिहासात कुणीतरी प्रथमच एखादा कागद वाचायला घेतला.

"ज्योतीरामकाका, ही मंडपाची पॉलिसी आहे."

"मंग? कार्यक्रमाचीच की."

"यात लिहिलंय, आग, वादळ आणि पावसापासून संरक्षण. पण मंडप जागेवरून हलता कामा नये."

तात्याबांनी हनुवटी खाजवली. तात्याबा मंडळाचे सर्वांत जुने सदस्य, सत्तरीचे, आणि त्यांची जीप त्यांच्याहून थोडीच लहान. "माझी गाडी बसंल यात," ते म्हणाले. "ती बी हलत न्हाई."

शेवटी बुधवारी सगळे चिंचवडच्या विमा कार्यालयात गेले. सगळे म्हणजे हर्षाली आणि आणखी अकरा जण, कारण आपल्याकडे एका सहीच्या कामाला कमीत कमी दोन गाड्या भरून माणसं लागतात. टेबलापलीकडे सायली मॅडम होत्या. वय तिशीच्या आत, चेहऱ्यावर एक रेघ हलत नव्हती. त्यांनी अर्ज वाचायला घेतला. तो हर्षालीने भरला होता. फक्त गाड्यांच्या माहितीचं पान मंडळाच्या ऋतिकने, 'टेक्निकल हाय, तुला न्हाई जमायचं' असं म्हणून ओढून घेतलं होतं.

"रॅलीतला कमाल वेग, ताशी एकशे ऐंशी?" सायली मॅडमनी विचारलं.

"व्हय मॅडम," ऋतिक छाती काढून म्हणाला. "माझी जाती."

"चाकण चौकातून?"

ऋतिकने छाती आत घेतली.

"मी रोज जाते तिथून," सायली मॅडम म्हणाल्या. "एकशे ऐंशी मिनिटं लिहायचं होतं का?"

हर्षालीने खोकल्याचं नाटक केलं. मग मॅडमनी फोन काढून सगळ्यांसमोर धरला. फोनवर तो फ्लेक्स होता, नाशिक रस्त्यावरून काढलेला, एक्केचाळीस चेहऱ्यांसकट.

"अर्ज म्हणतो बावीस गाड्या. फ्लेक्स म्हणतो तीनशे एक. अर्ज म्हणतो मुलांची सहल. फ्लेक्स म्हणतो वेग, वादळ आणि लाखो लोक. मी कशाचा विमा उतरवू?"

दादासाहेब हसले, समजूतदार माणूस हसतो तसे. "मॅडम, फ्लेक्सवरचं कुटं खरं आसतं व्हय?"

"हरकत नाही. मग तसं लिहून द्या."

दादासाहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"काय लिहून द्यायचं?"

"की फ्लेक्सवरचा मजकूर खरा नाही. अध्यक्षांच्या सहीने. तो काढून खऱ्या माहितीचा लावा आणि त्याचा फोटो जोडा. आणि अजून एक. तुमच्या गाडीचे व्हिडिओ पाहिलेत मी. सायलेन्सरमध्ये फेरफार केलेली गाडी सगळ्यांत पुढे असेल तर मला हे प्रकरण मुख्य कार्यालयाला पाठवावं लागेल. महिना जाईल."

"मी सही करते," हर्षाली म्हणाली. "मी सचिव आहे."

"तू अठराची झालीस की ये," सायली मॅडम म्हणाल्या. हर्षालीला राग आला, पण त्या हे बोलताना जरा हसल्या, म्हणून तिने अर्धाच राग ठेवला.

खाली पार्किंगमध्ये चहावाल्याभोवती दुसरी बैठक भरली. जो तो दुसऱ्याच्या बुटांकडे बघत होता.

"भावा, देऊन टाक सही," ज्योतीराम म्हणाला. "कागद तिच्या फायलीत जाणार. कोन बघतंय?"

"तुला काय जातंय राव!" दादासाहेब उसळले. "आज ह्यो फ्लेक्स खोटा म्हनून लिहून दिला, तर उद्या माझा वाढदिवसाचा कोन खरा धरंल? त्याच्यावर कार्यसम्राट लिहिलंय!"

हे मात्र सगळ्यांना पटलं. कारण प्रत्येकाचा वाढदिवस कधी ना कधी येणार होता. ऋतिकच्या फ्लेक्सवर तर युवकांचा धगधगता ज्वालामुखी असं होतं, आणि ऋतिक अजून आईला विचारून गाडीची चावी घ्यायचा.

"आणि सायलेन्सरचं?" हर्षालीने हळूच विचारलं.

काकांची नजर कुठेतरी लांब गेली. "ते बी हाय. ते काढायचं म्हंजे... जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू रॅलीचं."

अकरा माना हलल्या. बावीस मुलांचा रविवार चहाच्या कागदी कपासारखा चुरगळून डब्यात गेला.

 हर्षालीला ओरडावंसं वाटलं, सायलेन्सरला कुणी हात लावलेलाच नाही, आवाज बंपरखालच्या डब्यातला आहे! एका वाक्यात काम झालं असतं. अकरा साक्षीदार होते. पण तिने मोनिकाला सांगितलं होतं, मोठ्या माणसांचं असं सांगायचं नसतं. आता आपणच सांगितलं तर त्या पोरीला काय तोंड दाखवायचं?

तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे काका. पण मोनिकाला तुम्ही सांगायचं. मी नाही."

"त्यात काय," काका म्हणाले. "ल्हान पोर हाय. चॉकलेट देऊ."

गुरुवारी संध्याकाळी ते अंधशाळेत गेले. फाटकाशी आल्यावर काकांनी स्टिअरिंगखालचं एक बटण दाबलं, आणि डरकाळी नाही की काही नाही, गाडी मुकाट्याने आत गेली. वाईट बातमी द्यायला माणूस अनवाणी जातो, त्यातलाच प्रकार.

व्हरांड्यात मोनिका बाकावर ताठ बसली होती. खांद्यावरून कमरेपर्यंत तिरकी ओढणी, तिचं टोक बाकाच्या फळीत खोचलेलं. शेजारी दुसरी मुलगी हातात थाळी फिरवत गाडी चालवत होती.

"काय चाललंय गं?" काकांनी विचारलं.

"पट्ट्याची सवय करतेय, काका. ऐनवेळी लागला नाही तर रॅलीला उशीर होईल." मग तिने मान जराशी वळवली. "आज स्पीकर बंद ठेवलात का?"

काकांच्या हातातलं चॉकलेट हातातच राहिलं.

"तुला... कधीपासून म्हाईत हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

"कुनाला सांगितलंस?"

"फक्त ताईला. ताई म्हणाली, सांगायचं नसतं. म्हणून आम्ही दोघींनी नाही सांगितलं."

काकांनी हर्षालीकडे पाहिलं. हर्षाली छताकडे बघत होती. तिथे एक पाल होती, तिच्याकडे बघण्यात तिला भलताच रस वाटत होता. काल पार्किंगमध्ये अकरा माणसांसमोर ही पोरगी गप्प कशी बसली, हे हळूहळू काकांच्या डोक्यात शिरत होतं. कार्यसम्राटाची इभ्रत दोन पोरींनी आठवडाभर सांभाळली होती, एक नववीतली, एक चौथीतली, आणि फ्लेक्सवर दोघींपैकी एकीचाही फोटो नव्हता.

"काका, तुम्ही काहीतरी सांगायला आलात ना?" मोनिकाने विचारलं.

"व्हय," काका म्हणाले. घसा साफ केला. पुन्हा साफ केला. "हेच सांगायला आलतो, की पट्टा उजव्या न्हाई, डाव्या खांद्यावरनं घ्यायचा."

शुक्रवारी दुपारी तीन वाजता दादासाहेब सायली मॅडमसमोर बसले. या वेळी त्यांनी कुणाला आणलं नव्हतं, फक्त हर्षालीला. पण ते का चाललेत हे कळायला म्हणून बाकीचे दहा जण आपापले आले होते आणि पार्किंगमध्ये उभे होते.

पहिला कागद सोपा गेला. 'फ्लेक्सवरील मजकूर वस्तुस्थितीला धरून नाही,' हर्षालीने सुवाच्य लिहून आणलं होतं. काकांनी डोळे मिटून सही ठोकली. दुसऱ्या कागदाला त्यांनी आधी पाणी मागवलं. मग दार लोटलं. मग पुढे वाकून, गर्भगृहात बोलावं तसं म्हणाले, "मॅडम, सायलेन्सर कंपनीचाच हाय. त्याला हात न्हाई लावलेला. आवाज... स्पीकरचा हाय."

सायली मॅडमच्या चेहऱ्यावरची ती न हलणारी रेघ पहिल्यांदा हलली. त्यांनी ती ताबडतोब जागेवर बसवली.

"मला तपासून लिहावं लागेल. चला खाली."

"खाली? सगळ्यांम्होरं?"

"तुमची गाडी वर येत असेल तर वर आणा."

खाली दहा जण गाडीला टेकून उभे होते. काकांनी त्यांना "जरा लांब व्हा रं" म्हटलं, त्यामुळे ते आणखी जवळ आले. इंजिन बंद होतं. काकांनी फोन काढला, काहीतरी लावलं आणि बटण दाबलं. बंद गाडीने डरकाळी फोडली. पार्किंगमधली कबुतरं उडाली. ऋतिकच्या तोंडाचा आ झाला तो तसाच राहिला.

"दादा," तो म्हणाला, "चावी तर तुमच्या हातात हाय!"

आणि नेमक्या त्याच घटकेला काकांच्या फोनवर काकूंचा फोन आला. फोन स्पीकरला जोडलेला. डरकाळी अर्ध्यात तुटली, आणि मोशीला ज्याने दोन वर्षं धाकात ठेवलं त्या बंपरखालून, सगळ्या चिंचवडला ऐकू जाईल अशा आवाजात, काकू गरजल्या, "अहो, कुठं उलथलाय? येताना कोथिंबीर आणा! आणि मागच्यासारखी पिवळी आणली तर घरात घेणार नाही, सांगून ठेवते!"

मग तात्याबा ढकलत आणलेल्या जीपच्या बॉनेटवर पालथे पडून हसायला लागले, आणि त्यांच्या हादऱ्याने ती जीप, कुणी न ढकलता, चक्क दोन इंच पुढे सरकली.

सायली मॅडमनी कागदावर लिहिलं, 'सायलेन्सर मूळ स्थितीत. आवाज केवळ घरगुती स्वरूपाचा.' आणि चार वाजून दहा मिनिटांनी पॉलिसीवर शिक्का बसला, फोटो पाचच्या आत पोलिस चौकीत जोडायच्या अटीवर.

नव्या फ्लेक्सचा फोटो मात्र बाकी होता. छापखान्यातला जयसिंग हवालदिल झाला. "दादा, वीस वर्षं ह्यो धंदा करतोय. खरं कसं छापायचं, त्याची डिझाइनच न्हाई माझ्याकडं." शेवटी हर्षालीने सांगितलं आणि त्याने पांढऱ्यावर काळं छापलं:

२२ गाड्या. २२ मुलं. वेग ताशी वीस. थरार नाही. मिसळ आहे.

एकही चेहरा नाही. चौकात तो लागला आणि गर्दी जमली. लोक दुचाक्या थांबवून वाचत होते. एवढा मोठा फ्लेक्स आणि कुणाचाच वाढदिवस नाही, म्हणजे नक्की काहीतरी गंभीर घडलंय, असं त्यांना वाटत होतं. पाचला सात मिनिटं कमी असताना फोटोसकट सगळे कागद पोलिस चौकीत पोचले.

रविवारी सकाळी बावीस गाड्या महाळुंग्याहून निघाल्या, आणि चाकण चौकात रविवार असूनही कंटेनरच्या रांगेत अडकल्या. ताशी वीस हा आकडा अतिशयोक्तीचा ठरला. पण मुलांनी काचा खाली केल्या होत्या आणि एका गाडीतून दुसऱ्या गाडीत ओरडून चाललं होतं, "हा बारा चाकी!" "छट्, चौदा!" "त्याचा ब्रेक कर्रर्र करतोय, ऐक!" कंटेनरवाले खाली वाकून बघत होते. एकाने तर मुलांसाठी आपले तिन्ही हॉर्न वाजवून दाखवले.

सगळ्यांत पुढच्या गाडीत मोनिका पुढच्या सीटवर होती, पट्टा डाव्या खांद्यावरून, पहिल्याच झटक्यात लावलेला. हर्षाली मागे बसली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच मागे बसायला तिची हरकत नव्हती. स्पीकर बंद होता.

काकांनी आरशातून मागची रांग पाहिली. मग, पुढे बघतच, त्यांनी विचारलं, "मोनिका, माझ्या गाडीचा खरा आवाज कसा हाय गं?"

मोनिकाने डॅशबोर्डवर तळवा ठेवला. घाई केली नाही.

"शिलाई मशीनसारखा," ती म्हणाली.

काकांचा चेहरा पडला. मागे हर्षालीने ओठ चावला.

"पण नवीन मशीन. आत्ताच तेल घातलेलं," मोनिका म्हणाली. "याच्यावर काहीही शिवता येईल." आणि लगेच, "काका, ब्रेक. पुढच्याचा ब्रेक कर्रर्र वाजला."

काकांना पुढचा कंटेनर हलताना दिसत होता. तरी त्यांनी ब्रेक दाबला, आणि कंटेनर हातभर अंतरावर गचकन थांबला.